भंगारातले ब्रेक शू घ्यायचे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत ब्रेकचेच प्रश्न जास्त आहेत, आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, ते म्हणजे जुने उतरवलेले शू टाकले तर चालतात का. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब दिलंय, बाकीच्यांनीही ते वाचावं.

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): नमस्कार भाऊ, माह्याजवळ 2009 ची अल्टो हाये, सेकंड हॅन्डच घेतली होती. मागच्या चाकातून घासल्यासारखा आवाज येऊन रायला म्हणून ड्रम खोलला तं लायनर पार संपले. नवीन सेट आणणार होतो पण यवतमाळात एका भंगारवाल्याकडे अल्टोचेच उतरवलेले चार शू 200 रुपयात भेटून रायले, तो म्हणते गाडी जास्त चालली नव्हती, माल अजून जाड हाये. मी गाडी गावातून तालुक्याले अन् हप्त्यातून एकदा यवतमाळले, एवढीच चालवतो. घेऊन घेऊ का? माह्या मेव्हण्याने जुनेच टाकले होते, त्याले काही झालं नाही.

उत्तर: भाऊ, सरळ सांगतो, नका घेऊ. भंगारातून काहीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही, दरवाजा, आरसा, सीट, हेडलाईट, स्टेपनीची रिम हे सगळं जुनं घ्या, पैसे वाचतात आणि खेड्यात जुनी गाडी चालू ठेवायची तर ते करावंच लागतं. पण ब्रेक शूमध्ये आपण नेमकं काय विकत घेतो ते बघा. शू म्हणजे लोखंडाची अर्धगोल पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेलं लायनिंग (लायनर), जे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवतं. लोखंड वर्षानुवर्षं टिकतं, पैसे आपण मोजतो ते लायनिंगचे, आणि तेच दुसऱ्याने वापरून झालेलं असतं.

माल जाड आहे म्हणता, तर आधी जाडीचंच बघू. लहान गाडीत नवं लायनिंग साधारण 4 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि 1 ते 1.5 वर आलं की बदलायची वेळ झाली असं समजतात (रिव्हेटवालं, म्हणजे खिळ्यांनी ठोकलेलं, असेल तर मोजायचं ते रिव्हेटच्या डोक्यापासून, खालच्या लोखंडापासून नाही, हे पुष्कळ जण चुकतात). म्हणजे वापरायला मिळतो तो सगळा मिळून 3 मिलिमीटरचा माल, त्यातला दीड जरी आधीच गेला असेल तरी तुम्ही अर्धं आयुष्य विकत घेताय, आणि शू चारही सारखे झिजत नाहीत. ड्रम ज्या बाजूला फिरतो त्या बाजूने प्रत्येक चाकातल्या दोन शूंपैकी पुढचा शू स्वतःच ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे तो जास्त जोर लावतो आणि जास्त झिजतो, मागचा कमी. भंगारवाल्याच्या गोणीत चारही एकत्र पडलेले असतात, कोणता पुढचा कोणता मागचा, कोणता डावीकडचा, कोणाला माहीत. काही गाड्यांत तर पुढच्या आणि मागच्या शूचं लायनिंग लांबीलाही वेगळं असतं.

पण जाडीपेक्षा मोठी अडचण गोलाईची आहे. तो शू त्या दुसऱ्या गाडीच्या ड्रममध्ये हजारो किलोमीटर घासून त्या ड्रमला बसलेला आहे. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर फिरून बसलेल्या असतात, एक बदलली की पीठ भरड येतं, तसंच हे आहे. त्या गाडीचा ड्रम झिजून मोठा झालेला असेल आणि तुमचा कमी झिजलेला असेल तर शूची फक्त दोन टोकं टेकतात, ब्रेक एकदम पकडतो, ओल्या रस्त्यावर चाक जाम होतं, आवाज करतं. उलट तुमचाच ड्रम जास्त झिजलेला असेल तर शूचा मधला भाग तेवढा टेकतो, बाकीचं लायनिंग हवेत, मग पेडल कितीही दाबा गाडी पाहिजे तशी थांबत नाही. हे डोळ्याने पाहायचं असेल तर एक करा, ड्रम साफ पुसून त्याच्या आतून शाळेतला साधा खडू फिरवा, शू हातात धरून आत दोन-चार वेळा घासा आणि बाहेर काढा. लायनिंगवर पांढरं जिथे लागलं तेवढंच टेकतंय. चांगला बसणारा शू बऱ्यापैकी पूर्ण पांढरा होतो, जुना परका शू बहुतेक वेळा दोन टोकांना नाहीतर मधोमध पट्टा दाखवतो आणि बाकी काळाच राहतो.

तिसरं, जे वरून दिसतच नाही. लायनिंग एक प्रकारच्या रेझिनने बांधलेलं असतं, ते फार तापलं की जळतं आणि वरचा थर काचेसारखा गुळगुळीत, चमकदार होतो. असा शू जाड दिसतो, हाताला टणक लागतो, आणि ब्रेकच लागत नाही. त्यात भंगारात गाडी दोन-दोन पावसाळे उघड्यावर पडलेली असते, लोखंड आणि लायनिंगच्या मध्ये पाणी शिरून गंज फुगतो आणि चिकटवलेलं लायनिंग कडेने सुटायला लागतं. कडेला ब्लेडचं पातं लावून बघा, जरा जरी आत शिरलं तर तो शू कितीही जाड असला तरी बाद. चालत्या गाडीत अख्खं लायनिंग सुटून ड्रममध्ये अडकलं तर ते चाक फिरायचं थांबतं, आणि ते तुमच्या ब्रेक दाबण्यावर अवलंबून नसतं.

मेव्हण्याला काही झालं नाही, ते खरं असेल. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढच्या चाकांचा डिस्क ब्रेक करतो, ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे रिकाम्या गाडीत 40 च्या स्पीडला मागचे शू अर्धवट चालले तरी ड्रायव्हरला कळत नाही. कळतं केव्हा, तर घरचे पाच जण आणि डिक्कीत दोन पोती घेऊन लग्नाला निघालात आणि समोर अचानक गुरं आली तेव्हा, किंवा चढावर हॅन्डब्रेक लावून उतरलात तेव्हा, कारण हॅन्डब्रेक फक्त या मागच्या शूंवरच असतो. अजून एक, बहुतेक लहान गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दोन लाईन (नळ्या) तिरप्या असतात, एका लाईनवर पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक चाक. एक लाईन फुटली तर दुसरीवर गाडी थांबवायची असते, म्हणजे त्या वेळी एक पुढची डिस्क आणि एक मागचा ड्रम एवढंच हातात. तिथे मागे भंगारातला शू असेल तर काय, याचा विचार करा. आणि स्पीड दुप्पट झाला की थांबवायची ताकद चौपट लागते, तुम्ही आज यवतमाळपर्यंतच जाता, उद्या कोणाला दवाखान्यात न्यायला नागपूरला जाल, समृद्धीवर चढाल.

पैशाचं बोलायचं तर चांगल्या कंपनीचा चार शूचा सेट अशा लहान गाडीला साधारण 500 ते 1500 च्या मध्ये कुठेतरी येतो. मजुरी दोन्हीकडे तेवढीच. जुने टाकले आणि सहा महिन्यांत परत खोलायला लागले तर मजुरी दोनदा गेली, आणि ड्रम खराब झाला तर तो शूपेक्षा महागात जातो.

तुमच्या बाबतीत ड्रमचं तर आताच बघावं लागेल, कारण घासल्याचा आवाज येत होता म्हणजे लोखंडावर लोखंड घासलं गेलं असणार. ड्रमच्या आतून बोटाचं नख आडवं फिरवा, नख खाचेत अडकलं तर लेथवर टर्निंग करून घ्यावं लागेल. पण त्याला मर्यादा आहे, ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल त्याचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो, समजा 180 मिलिमीटरचा ड्रम असेल तर साधारण 182 ला तो बाद, त्याच्यापुढे टर्निंग करणारा म्हणाला चालते तरी करू नका, भिंत पातळ होते, तापली की तडा जातो. दोन्ही बाजूचे ड्रम सारख्या मापाचे ठेवा. व्हील सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइलच्या जोराने शू बाहेर ढकलतो त्याचं) रबर अलगद उचलून बघा, आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, तो आधी. स्प्रिंगा ढिल्या किंवा गंजलेल्या असतील तर त्यांचा सेटही शूसोबतच बदला, स्वस्त मिळतो. आणि नवे शू टाकल्यावर पहिले 200-300 किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येईल अशी गाडी चालवू नका, शूला ड्रमवर बसायला वेळ लागतो.

प्रश्न (मूर्तिजापूर, जि. अकोला): वडिलांची 1989 ची प्रीमियर पद्मिनी आहे, विकायची नाही, दिवाळीला आणि गणपतीला बाहेर काढतो. तिला चारही चाकांना ड्रमच आहे. नवे शू अकोल्यात मिळाले नाहीत, अमरावतीतही नाही म्हणाले. एका जणाकडे जुने पडलेत. मग आम्ही काय करायचं?

उत्तर: दादा, तुम्ही मात्र जुने घ्या, पण त्याच्यावरचं लायनिंग वापरायचं नाही. लोखंड घ्यायचं आणि त्याच्यावर नवं लायनिंग बसवून घ्यायचं. ट्रक, बस, ट्रॅक्टरचं काम जिथे चालतं तिथे लायनर बसवणारे असतात, अकोला अमरावती नागपूर तिन्हीकडे ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा, ते पत्ता सांगतील. तुमचे स्वतःचे शू शाबूत असतील तर तेच द्या, जुने विकत घ्यायचीही गरज नाही.

लोखंड तपासताना घाई करू नका. शू सपाट काचेवर आडवा ठेवा, हलतोय का बघा, हलला म्हणजे वाकलेला आहे, त्याला ठोकून सरळ करून चालत नाही. स्प्रिंग अडकते ती भोकं गोल आहेत का लांबट झालीत ते बघा. व्हील सिलिंडरचा पिस्टन जिथे टेकतो त्या टोकाला खाच पडलेली नको. रिव्हेटची भोकं मोठी झालेली नकोत, नाहीतर रिव्हेट बसतो पण धरत नाही. वरवरचा गंज चालतो, पापुद्रे निघत असतील तर नाही. नुसता काळा रंग मारून चकचकीत केलेला शू दिसला तर रंग खरवडून खाली बघा.

लायनर बसवताना शक्य असेल तर उभे राहून बघा. रिव्हेट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचे असतात, टोकाकडून सुरू केले तर मध्ये लायनिंग फुगून राहतं, लोखंडाला पूर्ण चिकटत नाही. बसवून झाल्यावर लायनिंग आणि लोखंडाच्या मध्ये पातळ पत्राही जाता कामा नये. मग ते ड्रमच्या गोलाईला घासून घ्या, वर सांगितलेली खडूची पद्धत इथेही चालते. लायनिंगच्या कडेला बारीक अक्षरात कोड छापलेला असतो, त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, जसं एफएफ किंवा जीजी. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पकड किती ते सांगतं, दुसरं गरम झाल्यावर किती ते. ई म्हणजे कमी, एफ मध्यम, जी त्याच्याहून जास्त. चारही चाकांना एकाच कोडचं लायनिंग मागा, एका बाजूला ई आणि दुसऱ्या बाजूला जी बसलं तर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. ट्रकचं उरलेलं लायनिंग कापून बसवतो म्हणाला तर नाही म्हणा.

ती गाडी वर्षभर उभी राहते ना, मग ब्रेक ऑइल पण बदलून टाका. ते हवेतलं पाणी ओढतं, आतून सिलिंडर गंजतात, आणि घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदललेलं बरं, गाडी चालो की न चालो.

प्रश्न (वरुड, जि. अमरावती): भाऊ, मी शिक्षिका आहे, रोज 30 किलोमीटर वॅगन आर ने शाळेत जाते. डाव्या मागच्या चाकाचा सिलिंडर लीक झाला, शू सगळे ऑइलने भिजले. मेकॅनिकने सिलिंडर नवीन टाकला पण शू पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत तेच लावले, म्हणाला ताई जाड आहेत, कशाला पैसे घालता. आता ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जाते. त्याला सांगितलं तर म्हणतो चालवा, आपोआप बसेल.

उत्तर: ताई, ते आपोआप बसत नाही. लायनिंग सच्छिद्र असतं, ऑइल आतपर्यंत मुरतं, पेट्रोलने वरचं निघतं आणि पहिल्यांदा ब्रेक तापला की आतलं परत वर येतं. भट्टीवर भाजून घेतात काही जण, त्यानेही होत नाही, उलट रेझिन जळतं. डावं चाक कमी धरतंय आणि उजवं बरोबर धरतंय म्हणून गाडी उजवीकडे ओढते, कोरड्या रस्त्यावर तुम्ही स्टिअरिंगने सांभाळून घेता, पण वरुड-मोर्शी भागात संत्र्याच्या सीझनला रस्त्यावर ट्रकच्या रांगा असतात, तिथे पावसात अचानक ब्रेक मारावा लागला तर मागून गाडी फिरू शकते. दोन्ही मागच्या चाकांचे मिळून चारही शू नवे टाका, फक्त डावीकडचे दोन नाही, नाहीतर उजवीकडचे जुने आणि डावीकडचे नवे असा फरक राहतोच. ड्रम पण आतून साफ करून घ्या, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून, आणि धुतल्यावर आतून हात लावू देऊ नका, ग्रीसचे हात असतात त्यांचे. उजवीकडचा सिलिंडरही त्याच वयाचा आहे, त्याचं रबर उचलून बघायला सांगा.

तोपर्यंत शाळेत एसटीने गेलात तर मला बरं वाटेल. आणि मेकॅनिकशी बोलताना तक्रार म्हणून नका बोलू, सरळ म्हणा की नवे शू मी आणून देते, तुम्ही बसवून द्या. बऱ्याचदा तो गिऱ्हाईकाचे पैसे वाचवायला बघत असतो, वाईट हेतू नसतो, पण या एका ठिकाणी त्याचं ऐकू नका.

प्रश्न (देऊळगाव राजा, जि. बुलढाणा): दुकानदार एकाच गाडीचे शू तीन भावांत दाखवतो, लोकल, कंपनी आणि शोरूम. डोळ्याने बघून काय ओळखायचं?

उत्तर: शोरूमचे आणि चांगल्या लायनिंग कंपनीचे यांच्यात फार फरक नसतो, रस्त्यावर पळणाऱ्या गाड्यांना मूळ शूही अशाच कंपन्या बनवून देतात. लोकल घेऊ नका. बॉक्सवर छापील किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, पार्ट नंबर, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता असला पाहिजे, पार्ट नंबर तुमच्या मॉडेलचाच आहे ना ते बघा. शू हातात घेतल्यावर लायनिंगच्या कडा सरळ कापलेल्या, कुठे टवका नाही, चारही शूवर कोड तोच. वेल्डिंगचे ठिपके एकसारखे. आणि बिल घ्या, बिल द्यायला तयार नसेल तर दुकान बदला. पाकीट उघडं असेल किंवा शूवर घासल्याची चमक असेल तर तो कोणीतरी परत केलेला किंवा जुना रंगवलेला आहे.

प्रश्न (परतवाडा, जि. अमरावती): माझी बोलेरो आहे, सीझनला चिखलदऱ्याच्या सवाऱ्या मारतो. उतरताना मागून जळका वास येते अन् खाली येईपर्यंत ब्रेक नरम पडते. शू दोनदा बदलले, एकदा जुने टाकून पाहिले, एकदा नवे. फरक नाही.

उत्तर: भाऊ, शूचा दोष नाही, उतरण्याच्या पद्धतीचा आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या आसपास आहे आणि परतवाडा पायथ्याला, एवढ्या उंचीवरून भरलेली गाडी खाली आणायची सगळी ताकद तुम्ही उष्णता करून ब्रेकमध्ये टाकताय. ड्रम बंद डबा असतो, त्यातून उष्णता लवकर निघत नाही, तापला की फुगून मोठा होतो आणि शू लांब पडतो, लायनिंगची पकडही कमी होते, म्हणून पेडल नरम लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनला गाडी धरू द्या. न्यूट्रल करून तर कधीच नाही, डिझेल वाचतं म्हणून करतात काही जण. ब्रेक सतत हलका दाबून धरू नका, जरा जोरात दाबून स्पीड कमी करा आणि सोडा, परत वाढला की परत दाबा, मधल्या वेळात ड्रमला हवा लागते. वास आलाच तर सपाट जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका आणि गरम ड्रमवर पाणी तर अजिबात टाकू नका, तडा जातो.

जे जुने टाकून पाहिले होते ते जळून गुळगुळीत झालेले असतील. आता जे आहेत तेही काढून बघा, वरून काचेसारखे चमकत असतील तर तेही गेले. सवाऱ्या नेता, मागे दहा माणसं बसलेली असतात, हे काम पुढच्या रविवारच्या आत करा.

प्रश्न (आर्णी तालुका, जि. यवतमाळ): पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की पुढे दोन-तीन वेळा ब्रेकच लागत नाही. शू खराब झाले का?

उत्तर: शू ओले झाले, एवढंच. नाला ओलांडला की मागे-पुढे गाडी नाही बघून हळू चालवताना ब्रेक थोडा दाबून धरा, घासून वाळतात. पण पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका, ते ब्रेकपेक्षा मोठं आहे. काळ्या मातीचा गाळ मात्र ड्रममध्ये बसतो आणि वाळला की पॉलिश पेपरसारखा शू आणि ड्रम दोन्ही खातो, म्हणून पोळा झाला की एकदा मागचे ड्रम उघडून साफ करून घ्या. ड्रम निघत नसेल तर हातोड्याने ठोकू नका, बऱ्याच ड्रमवर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट सारखे सारखे आवळत गेलात की तो बाहेर येतो.

प्रश्न (हिंगणघाट, जि. वर्धा): मी 19 वर्षांचा आहे, गॅरेजात काम शिकतो. ड्रम खोलला की आमच्याकडे कॉम्प्रेसरने हवा मारून धूळ उडवतात. जुने शू टर्निंगला, घासायला पण मीच बसतो. दिवसभर नाकातून काळं निघते. याने काही होते का?

उत्तर: बाळा, तू हे विचारलंस ते फार चांगलं केलंस. होतं. जुन्या लायनिंगमध्ये एस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज वापरायचे, कारण ते उष्णतेने जळत नाही आणि स्वस्त पडतं, त्याचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक असतात, फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांनी कॅन्सर होतो, आणि तो लगेच दिसत नाही, वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतो, म्हणजे तू आज श्वासातून घेतलेलं तुझ्या मुलांची लग्नं व्हायच्या वयात बाहेर येईल. युरोपात 2005 पासून त्यावर बंदी आहे, अमेरिकेने 2024 मध्ये ब्रेक लायनिंगसकट बंदीचा नियम केला. आपल्याकडे खाणी बंद आहेत पण वापरावर पूर्ण बंदी नाही. आता चांगल्या कंपन्यांच्या बॉक्सवर एस्बेस्टॉस नाही असं छापलेलं असतं, पण भंगारातून आलेला शू कोणत्या साली, कोणी बनवला, त्यात काय आहे हे त्याच्याकडे बघून कोणीच सांगू शकत नाही. जुने शू घेऊ नका म्हणायला हेही एक कारण आहे, आणि त्याची किंमत गाडीमालकाच्या आधी तू मोजतोस.

तर हवा मारायची नाही, झाडूही नाही. ड्रम काढायच्या आधी आणि काढल्यावर पंपाने साबणाचं पाणी हळू फवार, धूळ ओली झाली की चिंधीने पूस, ती चिंधी ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाक. जुना शू कोरडा घासायला दिला तर नाही म्हण, मालक रागावला तर हे पान त्याला वाचायला दे. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, तंतू त्यातून जातात, एस्बेस्टॉसला साधा एन 95 पण पुरत नाही, पी 100 फिल्टरचा, नाकाला घट्ट बसणारा मास्क लागतो. जेवायच्या आधी हात आणि तोंड धू. आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नकोस, झटकू पण नकोस, गॅरेजातच बदल, पिशवीत घालून ने आणि आईला धुवायला देण्याआधी तूच बादलीत पूर्ण भिजवून ठेव.